उद्यानाची शोभा आणि उठविलेले गाव

सुंदर वस्तू निर्माण करताना कोणाचा संसार विस्कटला, तर त्या सौंदर्यास दोष लागतो काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु इंग्लंडातील एका सरदारी उद्यानाचा इतिहास वाचताना तो आमच्यापुढे पुन्हा उभा राहिला.

डॉर्सेट परगण्यात मिल्टन ॲबी म्हणून एक स्थान आहे. तेथे पूर्वी बेनेडिक्टपंथी साधूंचा मठ होता. १५३९ साली तो मोडला; पण मठाचे भव्य चर्च टिकले आणि त्याच्या सावलीत एक बाजाराचे गाव नांदत राहिले. १७५२ साली जोझेफ डेमर या धनिकाने ही जहागीर विकत घेतली. पुढे लॉर्ड मिल्टन झालेल्या या गृहस्थाने लान्सलॉट ब्राऊन या विख्यात उद्यानकारास पाचारण केले. आखीव ताटवे टाळून हिरवळीचे चढउतार, वृक्षांचे पुंजके आणि वळणदार जलाशय यांची अशी योजना करावयाची, की मनुष्याने घडविलेले स्थळही स्वयंभू भासावे, ही ब्राऊनची कला.

या चित्रात गाव आडवे आले. जसजशा भाडेपट्ट्यांच्या मुदती संपत गेल्या, तसतशी घरे पाडली गेली. गावची शाळादेखील १७८५ साली ब्लँडफर्ड येथे हलविण्यात आली. विल्यम हॅरिसन नावाच्या वकिलाने मात्र आपला पट्टा सोडण्यास साफ नकार दिला. लॉर्डसाहेबांनी तळ्याचे पाणी त्याच्या घरात सोडविले आणि हॅरिसनने न्यायालयात जाऊन दावा जिंकला, असे सांगतात. गाव मात्र वाचले नाही.

लॉर्ड मिल्टनच्या बाजूनेही बोलता येईल. त्याने जवळच्या दरीत नवे गाव वसविले. रस्त्याच्या दोहों अंगांस गवती छपरांची एकसारखी घरे असलेले ते मिल्टन ॲबस आज इंग्लंडातील सुंदर खेड्यांत गणले जाते. मग अन्याय तो कोणता?

आमच्या मते अन्याय घराच्या बऱ्यावाईटपणात नाही. ज्यांचे घर, त्यांना विचारलेच नाही, यात तो आहे. घर बांधून देता येते. शेजार, बाजार, शाळा आणि पिढ्यांचा राबता बांधून देता येत नाही. शिवाय जुन्या गावाच्या मानाने नव्या गावात घरे थोडी होती. दात्याने आपल्या सोयीसाठी दिलेल्या दानास दान म्हणणे कठीण आहे.

तर मग त्या हिरवळीवर आनंदाने फिरणारा आजचा प्रवासी दोषी काय? आम्हांस तसे वाटत नाही. वृक्ष निरपराध आहेत आणि त्यांची छाया कोणासही वर्ज्य नाही. परंतु तृणाखाली काय आहे हे ठाऊक असूनही जो ते विसरू इच्छितो, तो त्या अन्यायात थोडासा वाटेकरी होतो. सौंदर्याचा उपभोग घेणाऱ्यावर स्मरणाचे ऋण असते. आणि स्मरणाचा खरा उपयोग पुढचे पाऊल जपून टाकण्यात आहे.

हा विचार आपणांसही दूरचा नाही. देवालयाचे प्रांगण प्रशस्त असावे, भोवती बाग असावी, अशी इच्छा कोणास नसते? ती शुभच आहे. मात्र भिंतीलगतचे जुने बिऱ्हाड किंवा दारातील फुलवालीची जागा नकाशावर केवळ अडचण म्हणून दिसू लागली, की आपण थांबावे. आधी तिला विचारावे. तिचे ‘नाही’ ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर तो प्रश्न विचारलाच नाही असे समजावे. देवाच्या नावाने केलेली शोभा देवास आवडावयाची, तर तिच्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी येता कामा नये.