दाखवणं आणि दिसणं

गेल्या जुलैत आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी तीन दिवस गैरहजर होत्या. निदान सोसायटीच्या हजेरीच्या शीटमध्ये तरी तसं होतं. त्या तीनपैकी एका दिवशी त्यांनी केलेल्या पोळ्या मी रात्री ऑफिसातून येऊन खाल्ल्या होत्या. आणि ती शीट तयार करणारी स्क्रिप्ट मीच लिहिली होती.

झालं असं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी गेटवर लांबून वाचणारे आरएफआयडी रीडर बसले. गाडी काही मीटरवर आली की खांबावरचा पांढरा चौकोनी डबा काचेवरचा टॅग वाचतो आणि बॅरिअर वर जातो. काच खाली करायला नको, पाकिटातून कार्ड काढायला नको. भर पावसात दुचाकीवरून येताना हे सुख काय असतं ते मला माहीत आहे, त्यामुळे त्या रीडरला नावं ठेवायला मी बसलेले नाही.

पायी येणाऱ्यांच्या छोट्या फाटकावरही तसाच एक रीडर लागला. घरकामाला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर, माळी यांना गळ्यात अडकवायची कार्डं मिळाली आणि वॉचमनच्या टेबलावरचं रजिस्टर बंद झालं. कमिटीतले एक काका म्हणाले, "अगं, तू आयटीतली ना? या लॉगमधून महिन्याची हजेरी काढता येते का बघ." अर्ध्या तासाचं काम होतं. रविवारी चहा पिता पिता करून टाकलं. ग्रुपवर भरपूर अंगठे आले आणि मलाही बरं वाटलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मावशी म्हणाल्या, "ताई, चौथ्या मजल्यावरच्यांनी तीन दिवसांचे पैसे कापले. मी आले होते की हो."

चौथ्या मजल्यावर त्या झाडू-फरशी करतात. घरातले दोघंही सकाळी लवकर बाहेर पडतात, किल्ली शेजारी ठेवलेली असते. फरशी आज पुसलीय की काल, हे संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला सांगता येत नाही. शीटला मात्र ते ठामपणे सांगता येत होतं.

मी फोन काढला. त्यातल्या एका तारखेला सकाळी 8 वाजून 10 मिनिटांनी मावशींचा व्हॉइस मेसेज होता, "ताई, पीठ संपलंय, येताना आणा." मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. माझ्याच कुकरची. बाकीच्या दोन तारखांना मी सांगलीला घरी गेले होते.

मी म्हटलं, तीन दिवसांचे पैसे मी देते. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमचे कशाला? काम त्यांच्याकडं केलंय."

चूक कुठे झाली हे शोधायला फार वेळ लागला नाही. या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडर रेडिओलहरी सोडतो. भारतात अशा रीडरसाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. त्या लहरींच्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप क्षणभर जागी होते आणि परत जाणाऱ्या लहरीवर आपला नंबर उमटवते. टोलनाक्यावरचा फास्टॅगही असाच चालतो. काचेवर चिकटवलेल्या टॅगला हे सहज जमतं. पण पाणी या लहरी शोषून घेतं आणि माणसाचं शरीर निम्म्याहून जास्त पाणीच आहे. कार्ड अंगाला चिकटलेलं असलं, वरून भिजलेला रेनकोट असला, की रीडरच्या दृष्टीने तिथे बऱ्याचदा कुणी नसतंच. ते तिन्ही दिवस धो धो पावसाचे होते. सकाळच्या गर्दीत छोटं फाटक उघडंच असतं आणि वॉचमनकाका मावशींना कित्येक वर्षं ओळखतात. त्यामुळे मावशी आत आल्या, त्यांची नोंद बाहेर राहिली.

इथपर्यंतचा प्रश्न तांत्रिक आहे. अँटेनाचा कोन बदला, कार्ड बदला, सुटेल. पण त्या रात्री मला दुसरंच काहीतरी खटकत होतं, आणि ते मराठीतल्या दोन साध्या क्रियापदांत सापडलं. मी कार्ड दाखवलं. माझं कार्ड दिसलं. पहिल्या वाक्यात कर्ता मी आहे. दुसऱ्यात मी फक्त कार्डाची मालकीण आहे. जे काही झालं ते कार्डाचं आणि रीडरचं आपापसात झालं.

बॅटरी नसलेली आणि बाहेरून लहर आली की उत्तर देणारी वस्तू ही कल्पना जुनी आहे. 1945 साली सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला अमेरिकेचं लाकडी राजचिन्ह भेट दिलं. त्याच्या आत लेऑन थेरेमिनने बनवलेलं एक यंत्र होतं. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की खोलीतलं बोलणं त्यातून बाहेर ऐकू जायचं. 1952 पर्यंत ते सापडलं नाही. आमचं गेट हेरगिरी करतं असं मला म्हणायचं नाही. पण ज्याच्या भिंतीवर ते चिन्ह होतं त्याला काहीच करावं लागत नव्हतं, म्हणून काही घडतंय हे त्याला कळतही नव्हतं. गळ्यातलं कार्ड वाचलं गेलं की नाही, हे मावशींनाही असंच कळत नाही.

रजिस्टरवर त्या सही करायच्या. सावकाश, एकेक अक्षर जोडत. रांग लागायची, पेन चालायचं नाही, मागच्या बायका वैतागायच्या. कार्डं आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. तरीही ती सही म्हणजे त्यांनी स्वतः केलेली गोष्ट होती. कुणी म्हणालं "तू आली नव्हतीस", तर पान उलटून बोट ठेवता यायचं. माझ्या ऑफिसातलं कार्ड अगदी जवळ धरावं लागतं. टुक असा आवाज येतो, हिरवा दिवा लागतो. मी हात पुढे केला, यंत्राने 'पोचलं' म्हणून सांगितलं. लांबून वाचणाऱ्या रीडरने आमच्या फाटकावरून हातही काढून घेतला आणि ती पोचही. सोय म्हणून आपण काढून टाकतो त्या छोट्या कष्टात कधी कधी माणसाची साक्षही असते. नोंद मात्र त्याच्या नावावर होत राहते, किंवा होत नाही.

मग मला गाड्यांचं आठवलं. माझ्याच दुचाकीचा टॅग महिन्यातून दोनदा तरी वाचला जात नाही. मी हॉर्न वाजवते, वॉचमनकाका बटण दाबतात, संपलं. चूक तीच, यंत्र तेच. मला त्याची किंमत एक हॉर्न, मावशींना तीन दिवसांचा पगार. यंत्र चुकणारच, हे आम्हा इंजिनिअर लोकांना पहिल्या वर्षापासून माहीत असतं. चुकल्यावर भुर्दंड कुणी सोसायचा हे मात्र यंत्र ठरवत नाही, आपण ठरवतो.

आणि ते आधीच ठरवता येतं. 2018 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांच्या टोलच्या नियमांत एक दुरुस्ती केली. फास्टॅग वैध आहे, खात्यात पैसे आहेत, पण नाक्यावरच्या यंत्रणेत बिघाड असल्यामुळे टोल कापला गेला नाही, तर गाडीला पैसे न घेता सोडायचं आणि शून्य रुपयांची पावती द्यायची. प्रत्यक्ष नाक्यावर काय वाद होतात ते सोडा. नियमामागचा विचार सरळ आहे. यंत्र ज्याचं, बिघाडाचा भार त्याचा. गाडीवाल्यांसाठी हे आपल्याला सुचलं. गळ्यात कार्ड घालून पायी येणाऱ्या बाईसाठी दोनशे फ्लॅटच्या सोसायटीत कुणालाही सुचलं नाही. मलाही नाही.

माझ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: त्या दिवशी नोंद नसेल, तर 'गैरहजर' लिही. रोजच्या कामात मी असं कधीच करत नाही. माहिती नसणं आणि उत्तर 'नाही' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी नव्याने आलेल्या मुलांना कोड तपासताना शिकवते. बँकेच्या व्यवहारात असा घोळ केला असता तर मला झोप लागली नसती. इथे मात्र तो माझ्या लक्षातही आला नाही, कारण त्या रकान्यात माझं नाव कधी येणार नव्हतं.

कमिटीच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. 'गैरहजर'च्या जागी 'नोंद नाही' लिहायचं आणि 'नोंद नाही' म्हणून कुणाचे पैसे कापायचे नाहीत, असा मुद्दा मांडला. पहिलं लगेच मान्य झालं, ते मी घरी येऊन एका मिनिटात बदललं. दुसऱ्यावर काका म्हणाले, "ते ज्याचं त्याने बघायचं, सोसायटी त्यात पडणार नाही." फाटकावर आवाज करणारा, जवळून वाचणारा रीडर लावायचा विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

चौथ्या मजल्यावरच्यांना मी तो व्हॉइस मेसेज ऐकवला. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्या एका दिवसाचे पैसे त्यांनी परत दिले. बाकीच्या दोन दिवसांचं म्हणाले, "त्याचं काही आहे का तुझ्याकडे?"

परवा सकाळी मी कंपनीच्या बससाठी गेटपाशी उभी होते. पाऊस होता. मावशी आल्या, फाटकाशी थांबल्या, रेनकोटाची वरची बटणं काढली, कार्ड बाहेर ओढून हात उंच करून खांबासमोर धरलं. खांब काही बोलला नाही. त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग वॉचमनकाकांकडे बघून म्हणाल्या, "बघा हं, आलेय मी." आणि आत गेल्या.