माप आणि प्रमाण

आमच्या पुण्याच्या घरीं ओसरीला लागून एक जुनी फटफटी उभी असते. आमच्या वडिलांनीं (त्यांना आम्ही आप्पा म्हणत असूं) ती १९६८ सालीं घेतली. ही बुलेट गाडी मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची. १९५५ सालीं मद्रासेस तिच्यासाठीं कंपनी निघाली. १९६७ सालीं रेडिचचा कारखाना बंद पडला, परंतु मद्रासची गाडी पुढेंहि रस्त्यावर येतच राहिली. आप्पा जवळजवळ सहा फूट उंच होते. ती गाडी जणूं त्यांच्यासाठींच घडविली आहे, असें लहानपणीं तिच्या टाकीवर बसून शाळेंत जातांना मला वाटे. आप्पांस जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. गेल्या वर्षीं माझ्या मुलीनें ती गाडी चालवावयास घेतली, आणि त्यावरून घरांत असा एक वाद उत्पन्न झाला कीं, तीस वर्षें नीतिशास्त्र शिकविणाऱ्या मला स्वतःच एकदां विद्यार्थ्याच्या बांकावर बसावें लागलें.

माझ्या मुलीची उंची पांच फूट. गाडीची बैठक जमिनीपासून तीस इंचांच्या आसपास आणि शिवाय रुंद. गाडीचें वजन दीडशे किलोंहून अधिक. गाडी चालत असतां उंचीची अडचण मुळींच भासत नाहीं. ती भासते थांबतांना. एके संध्याकाळीं एका चौकांत गाडी थांबवून तिनें उताराच्या बाजूस पाय टेकावयास नेला, तों त्या पायाखालीं जमीन आलीच नाहीं. गाडी कलली, आणि एकदां कलूं लागलेलें तें वजन थोपविणें तिच्या शक्तीबाहेरचें होतें. मागून येणारी बस वेळींच थांबली म्हणून घोट्याच्या दुखण्यावर निभावलें. तीन आठवड्यांनीं हिंडूं फिरूं लागल्यावर ती मला म्हणाली, "बाबा, गाडी दोन इंच खालीं घेऊं या."

मीं नकार दिला, आणि नकारास कारणेंहि दिलीं. जुनी वस्तु ही एक साक्ष असते. साक्षीदाराच्या तोंडीं आपल्या सोयीचे शब्द घालणें हा अप्रामाणिकपणा होय. दुसरें असें कीं, जगानें आपल्या मापाचें व्हावें अशी अपेक्षा करण्यापेक्षां आपण जगाच्या मापास पुरे पडावें, यांतच शिक्षणाचें सार आहे. शेवटीं मी म्हणालों, "आप्पांची गाडी आप्पांच्या मापाचीच राहूं दे. तुला हवी तर तुझ्या उंचीची दुसरी घे." त्यावर ती एवढेंच म्हणाली, "म्हणजे आजोबांची गाडी बघायला माझी, चालवायला मात्र नाहीं." तिचें हें बोलणें मला लागलें, पण आपल्याला लागलें म्हणजे आपलें चुकलें, असें मानण्याची मनुष्याला संवय नसते.

त्या रात्रीं मला थीसिअसच्या दोन कथा आठवल्या. दोन्ही प्लूटार्कनें सांगितल्या आहेत, पण आम्ही अध्यापक मंडळी वर्गांत त्यांपैकीं एकच वापरतों. थीसिअसचें गलबत अथेन्सकरांनीं जपून ठेवलें. कुजलेली फळी काढावी व नवी बसवावी असें करतां करतां, तें गलबत तेंच राहिलें कीं निराळें झालें, असा तत्त्वज्ञांना प्रश्न पडला. दुसरी कथा एका वाटमाऱ्याची. त्याच्यापाशीं एक खाट होती. सांपडलेल्या वाटसरूस तो तिच्यावर निजवी, आणि वाटसरूच्या देहालाच बळजबरीनें खाटेच्या लांबीचा करी. थीसिअसनें त्याला त्याच शिक्षेनें मारलें. गलबताच्या कथेंत मी रमून गेलों होतों. खाटेची कथा माझ्याच ओसरीवर घडत आहे, हें मात्र माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

कारण ज्याला आपण 'मूळचें माप' म्हणतों, तें तरी कोठून आलेलें असतें? बैठक अमुक इंच उंच असावी हा कांहीं सृष्टीचा नियम नव्हे. कोणीएकानें कागदावर रेघ ओढतांना कोणातरी माणसाचा पाय डोळ्यांपुढें आणला, एवढेंच. तो पाय माझ्या मुलीचा नव्हता. एकाची सोय दीर्घकाळ टिकली म्हणजे तिला परंपरा हें नांव मिळतें, आणि मग दुसऱ्यानें सोय मागितली कीं ती मागणी उद्धटपणाची ठरते.

तथापि माझ्या दुसऱ्या आक्षेपांत तथ्य होतें, आणि तें मुलीनेंहि नाकारलें नाहीं. थांबतांना दोन्ही पाय टेकण्याचा हट्ट सोडून बैठकीवर किंचित् सरकावें व एकच पाय भक्कम टेकावा. जाड तळव्याचे बूट घालावे. रस्त्याची चढती बाजू आधींच हेरून ठेवावी, हें सर्व तिनें महिनाभर मैदानांत गिरविलें. त्यानें पुष्कळ साधलें, परंतु सर्व साधलें नाहीं. जो आपल्याकडून होईल तेवढें करून मग सवलत मागतो, त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाहीं.

वादाचा निकाल आमच्या आईनें लावला. तिचें वय ऐशींच्या पुढें. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, गाडीच्या डाव्या अंगाला ती पायाची पट्टी आहे आणि चाकाला जाळी आहे, ती काय कारखान्यांतून आली? मी नऊवारी नेसून एका बाजूला बसायची, म्हणून ह्यांनीं ती मुद्दाम बसवून घेतली. बायकोसाठीं गाडी बदललेली चालली, मग नातीसाठीं कां नाहीं?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. ज्या मूळ स्वरूपाचा मी कैवार घेऊन बसलों होतों, त्यांतच आप्पांचा एक बदल अर्ध्या शतकापासून बसलेला होता. तो मला कधीं बदल वाटलाच नाहीं, कारण माझ्या जन्मापासून तो तेथें होता.

तरीहि मीं एक तडजोड काढलीच. कारागिरास सांगितलें कीं, मागचे दोन शॉक-अब्सॉर्बर तेवढे आंखूड घाला. पुढच्या बाजूस हात लावूं नका. म्हणजे निम्मी गाडी मुलीची व निम्मी आप्पांची! परिणाम दोघांसहि वाईट झाला. मागची बाजू बसल्यामुळें पुढचा फोर्क अधिक कलता झाला. हॅंडल जड व सुस्त झालें. पुढचा दिवा रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर प्रकाश टाकूं लागला. दोष कारागिराचा नव्हता. त्यानें मला आधींच बजावलें होतें. मन मोडून दिलेली अर्धी सवलत ही पुष्कळदां नकाराहून वाईट असते. तिनें घेणाऱ्याचें काम होत नाहीं, आणि देणाऱ्याची वस्तु मात्र बिघडते.

मग कारागिराच्या सल्ल्यानेंच काम झालें. पुढचा फोर्क मागच्या इतकाच खालीं घेतला, म्हणजे त्याचा कल पूर्वीचा झाला. बैठकीचा स्पंज थोडा कमी करून तिच्या पुढच्या कडा निमुळत्या केल्या. कारण पाय जमिनीस पोंचणें हें उंचीइतकेंच रुंदीवरहि अवलंबून असतें. दिवा पुन्हां नेमका केला. आतां गाडी दोन इंच ठेंगणी आहे, पण वळतांना ती जशी आप्पांच्या हातीं वळत असे तशीच वळते.

ह्या ठिकाणीं मला आपल्या गायकीची आठवण होते. पुरुष काळी एकमध्यें गातो, स्त्री काळी चारमध्यें गाते. म्हणून यमन दोन होत नाहींत. मिरजेचे कारागीर तंबोरेहि पुरुषांच्या व स्त्रियांच्या आवाजासाठीं निरनिराळ्या मापांचे करतात. षड्ज ज्यानें त्यानें आपल्या गळ्याप्रमाणें धरावा. स्वरास्वरांतलें अंतर मात्र कोणीं बदलूं नये. माझी चूक हीच झाली होती. मीं मापाला जपलें आणि प्रमाण बिघडविलें. परंपरेशीं एकनिष्ठ राहणें म्हणजे पूर्वजांच्या पट्टींत गाणें नव्हे. त्यांचा राग आपल्या पट्टींत शुद्ध गाणें होय.

ह्यावरून वाटेल त्या जुन्या वस्तूवर करवत चालवावी असें मात्र कोणीं समजूं नये. जिचा जगांत एकच नमुना उरला आहे ती वस्तु अस्पृष्टच ठेवावी. प्राचीन वास्तूंविषयींच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनें वास्तु उपयोगांत राहणें जतनास उपकारक मानलें, पण त्या उपयोगानें तिची रचना बदलतां कामा नये असेंहि बजावलें. आपल्या सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपांत असावी, आणि सांगाडा, बाह्यांग व यंत्र यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, असें म्हटलें आहे. आम्हीं ह्या तिहींसहि हात लावला नाहीं. गाडी ठेंगणी झाल्यानें तिचा मूळचा स्टँड उंच पडूं लागला. तो कापणें सोपें होतें, परंतु आम्हीं दुसरा आंखूड स्टँड करवून घेतला. शिवाय प्रत्येक सवलतीस किंमत असते. गाडीचें पोट जमिनीजवळ आलें आहे. उंच गतिरोधकावर आतां जपावें लागतें. ती किंमत मुलगी मोजते, आणि तिची तक्रार नाहीं.

जुने शॉक-अब्सॉर्बर, फोर्कचे काढलेले भाग, बैठक व स्टँड हीं सर्व तेल लावून, कापडांत गुंडाळून आप्पांच्या ट्रंकेंत ठेवलीं आहेत. ट्रंकेवर आईनें मुलीकडून एक चिठ्ठी लिहवून डकविली आहे: "उंच नातू निघाल्यास परत बसवावें."