फोन उचलणाऱ्याचं नाव सांगा

सकाळची पूर-बचावाची रंगीत तालीम संपल्यावर तुम्ही एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होतात. अहवालात ‘तालीम यशस्वीरीत्या पार पडली’ असं लिहूनही झालं होतं. ते वाक्य आधी खोडा. तालीम फसली आहे, आणि ती का फसली हे ऐकल्याशिवाय या सभागृहातून कुणी उठायचं नाही.

नदीला पूर आलाय, पलीकडच्या वस्तीत ४० माणसं अडकलीत, एवढंच तुम्हाला सांगितलं होतं. नियंत्रण कक्षाने बोटीसाठी यादीतला नंबर फिरवला. ज्या साहेबांनी फोन उचलला त्यांची इथून बदली होऊन वर्ष झालं. बोट गोदामात, गोदामाची किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे. कुलूप तोडलंत, तर लाइफ जॅकेट भलत्याच खोलीत आणि इंजिनात पेट्रोलचा थेंब नाही. तिकडे घाटावर पोलिसांनी बॅरिकेड चोख लावले आणि त्यांच्याच मागे १०८ची रुग्णवाहिका अडकून पडली. चालक हॉर्न वाजवतोय आणि हवालदार म्हणतोय, वरून ऑर्डर नाही. पोलिसांच्या वायरलेसवरचं एक अक्षरही अग्निशमनवाल्यांना ऐकू येत नव्हतं. तहसीलदार, पोलीस निरीक्षक आणि मुख्याधिकारी असे तिघे शेजारी उभे राहून तीन वेगळे हुकूम सोडत होते.

आमच्या खात्याने आमचं काम केलं, असं तुमच्यापैकी प्रत्येक जण मला मघाशी येऊन सांगून गेला. खरं आहे ते. पण बुडणारा माणूस कुठल्याच खात्याचा नसतो. एका खात्याचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू व्हायचं असतं, त्या मधल्या वेळात तो जातो. तो वेळ कुणाच्याच नावावर नाही, म्हणून तुम्ही सगळे निवांत आहात.

कायद्याकडे बोट दाखवू नका. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५चा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण त्यात आहे, जिल्ह्याचा आराखडा दर वर्षी तपासून सुधारायचं बंधन आहे, जीव वाचवायला वस्तू तातडीने लागल्या तर निविदेची वाट न पाहता घ्यायची मुभाही आहे. घटनास्थळी हुकूम एकाचाच चालावा, बाकीच्यांनी त्याच्या हाताखाली काम करावं, ही पद्धत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१०मध्येच घालून दिली. तुम्ही आराखड्याचं काय केलंत? मुखपृष्ठावरचं साल बदललंत. आतले फोन नंबर तेच राहिले.

एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, येईल, हे तर मला सांगूच नका. त्यांचा तळ पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. ते जिवाची बाजी लावतात, पण निघून पोहोचेपर्यंतचे तास तुमचे आहेत. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. ८ तारखेला ब्रह्मनाळ गावची माणसं गावातल्याच बोटीत दाटीवाटीने बसली आणि ती बोट उलटली. बायका गेल्या, कडेवरची पोरं गेली. तुमच्या तालुक्यात किती बोटी आहेत, एकीत किती माणसं बसवायची, ‘आता बास, पुढच्या खेपेला या’ असं सांगायला काठावर कोण उभा राहणार? मघाशी विचारलं तेव्हा तुम्ही एकमेकांकडे बघत राहिलात.

पाटबंधारेचे साहेब, जरा इकडे बघा. धरणातून अमुक हजार क्युसेक सोडले असा मेसेज तुम्ही ग्रुपवर टाकता. खाली तीस जण अंगठे टाकतात आणि तुम्ही निरोप पोहोचला असं धरून चालता. नदीकाठच्या पोलीस पाटलाला क्युसेक घेऊन काय करायचंय? पाणी मारुतीच्या पायरीला कधी लागेल, रात्रीत दलित वस्तीत शिरेल का, गोठ्यातली जनावरं आत्ता सोडायची की पहाटे, हे त्याला हवं असतं. ते सांगायला तुम्ही, मंडळ अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी एकदा नदीकाठ पायी हिंडून खुणा करायला हव्यात. दोन दिवसांचं काम आहे. गेल्या तीन वर्षांत झालं नाही.

दरडीचंही तेच. ३० जुलै २०१४ला माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. दीडशेच्या वर जीव गेले. गाव नाहीसं झाल्याची खबर बाहेर पडली ती एका एसटी चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीला आला आणि समोर गावच नव्हतं. तुमच्या डोंगरावरच्या वाडीत रात्री दरड आली, तर पहिला फोन कोण करणार? रेंज नसेल तर कोण उतरून येणार? इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड आली तेव्हा वर जायला गाडीरस्ताच नव्हता. बचावाला गेलेली माणसं भर पावसात, काळोखात डोंगर चढली आणि वर फावड्या-कुदळींनी चिखल उपसत राहिली, कारण यंत्र नेता येत नव्हतं. अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच गेला. तशा रात्री तुमच्या पथकाला पायवाट दाखवणाऱ्या गावकऱ्याचं नाव तुमच्या कागदात आहे का? गिर्यारोहक मंडळींचे नंबर आहेत का? आरोग्य खात्याला वर जाणाऱ्या वाटेची लांबी तरी माहीत आहे का?

मला तुमचा राग येतो, कारण तुम्ही नालायक नाही. त्या हवालदाराने बॅरिकेड लावले तसे मी फार कमी ठिकाणी पाहिलेत. १०८च्या डॉक्टरीणबाई पाच मिनिटांत तयार होत्या. अशी माणसं हाताशी असून तुम्ही एकमेकांना आज सकाळी पहिल्यांदा भेटलात. एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावर कचेऱ्या असून. हे मी माफ करणार नाही.

आता कागद घ्या. खातं लिहू नका, माणसाचं नाव लिहा, तो नसेल तर त्याच्या जागी कोण तेही लिहा. मग यादीतल्या प्रत्येक नंबरावर इथूनच, माझ्यासमोर, फोन लावा. जो लागणार नाही तो खोडा. घटनास्थळी हुकूम कुणाचा, ते सकाळी तीन हुकूम सोडणाऱ्या तुम्ही तिघांनी आत्ताच ठरवून सही करा. पुढची तालीम रात्रीची असेल. तारीख मी सांगणार नाही.