बरे होणे म्हणजे

मराठीतला 'बरा' हा शब्द मोठा लबाड आहे. आजारी माणूस 'बरा झाला' म्हणजे रोगातून उठला. पण मुलगा अभ्यासात 'बरा आहे' म्हणजे हुशार नव्हे, पास होण्यापुरता. आमच्या बेळगाव भागात कन्नड शेजारी 'आराम अदीरी?' म्हणून आपली प्रकृती विचारतो, आणि आराम म्हणजे विश्रांती एवढेच ठाऊक असलेला पुण्याचा पाहुणा गोंधळतो. 'स्वस्थ' म्हणजे मुळात स्वतःच्या ठायी असलेला; पण आपण मुलाला 'स्वस्थ बस' म्हणतो ते त्याला गप्प करण्यासाठी. या शब्दांकडे मी नीट पाहू लागलो ते कोविडमधून 'बऱ्या' झालेल्या एका सहकाऱ्यामुळे.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतल्या दुसऱ्या लाटेत आमचे गणिताचे सर आजारी पडले. दवाखान्यात दाखल होण्याची वेळ आली नाही. पंधरवड्यात ताप गेला, आणि शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा ते डॉक्टरांचे सर्टिफिकेट घेऊन हजर झाले. वीस वर्षे हाती पुस्तक न घेता वर्गसमीकरणे शिकवणारा हा माणूस दुसऱ्या ओळीपाशी थांबे आणि खडू हातात धरून तिसरी ओळ शोधत राही. मुलांचा गलबला त्यांना सोसवेना. सलग दोन तास घेतले की पुढचे दोन दिवस अंथरुणात. रक्ताचे रिपोर्ट चांगले, डोक्याचा एमआरआय चांगला, चेहरा तर घरी बसून भरलेला. शिक्षकांच्या खोलीत कुजबूज सुरू झाली, "सरांना आता सवय लागली बघा आरामाची."

आता विज्ञान काय म्हणते ते थोडक्यात सांगतो. 'लाँग कोविड' हे नाव डॉक्टरांनी दिलेले नाही. २०२० साली रुग्णांनीच ते रूढ केले. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे त्यानंतर वर्षाहून अधिक काळाने आली. तिच्यात थकवा, धाप यांच्याबरोबर विचारशक्ती मंदावणे हेही लक्षण आहे. २०२२ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ७८५ माणसांच्या मेंदूच्या दोन-दोन प्रतिमा ताडून पाहिल्या. त्यांपैकी ४०१ जणांना दोन प्रतिमांच्या मधल्या काळात कोविड होऊन गेला होता, बहुतेकांना सौम्यच. त्यांच्या मेंदूच्या काही भागांत, विशेषतः वासाशी संबंधित भागांत, इतरांपेक्षा थोडी अधिक झीज आढळली. पण ही सरासरी आहे. एका माणसाची एक प्रतिमा काढली तर ती निर्दोष दिसू शकते, कारण त्याचा आजारापूर्वीचा मेंदू कसा होता हे सांगणारी पहिली प्रतिमा कोणापाशीच नसते. ते फक्त तो माणूस सांगू शकतो.

आणि इथेच प्रश्न नीतीचा होतो. ज्या दुःखाला दुसरा साक्षीदार नाही, त्यावर विश्वास ठेवणे हे आपले कर्तव्य आहे काय?

मी मुख्याध्यापक आहे. संशय हा माझ्या नोकरीचा भागच आहे. गणिताच्या चाचणीच्या दिवशी किती पोटे दुखतात हे मी तीस वर्षे पाहतो आहे. तेव्हा 'कोणावरही डोळे मिटून विश्वास ठेवा' असे मी म्हणणार नाही. पण संशयाचाही हिशेब मांडावा लागतो. खोटे बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला तर त्याला चार तास फुकट मिळतात, इतकेच. खरे बोलणाऱ्यावर अविश्वास दाखवला तर तो आधी चिडतो, मग खुलासे देतो, आणि शेवटी स्वतःलाच विचारू लागतो की आपणच तर ढोंग करत नाही ना? ज्याची स्मृती आधीच डळमळली आहे त्याच्याकडून त्याची शेवटची खात्रीही आपण काढून घेतो.

शिवाय या आजाराची एक रीत विलक्षण आहे. अनेकांना श्रमानंतर लगेच नव्हे, एक-दोन दिवसांनी त्रास उफाळतो; आणि बौद्धिक श्रमही त्यात येतात. म्हणजे 'काम करून दाखवा, मग मानू' ही आपली मागणीच रुग्णाला मागे ढकलते. आम्ही शाळेत आयुष्यभर प्रयत्नांती परमेश्वर शिकवले. इथे जिद्दीचा माणूसच अधिक आजारी पडतो, आणि वेळेवर थांबण्याला जो निग्रह लागतो त्याला आपल्या सुभाषितांत जागाच नाही. आळस आणि विश्रांती बाहेरून सारखीच दिसतात, याला कोण काय करणार!

दुसरी बाजूही आहे आणि ती मी टाळणार नाही. सरांचे तास कोणीतरी घेतलेच. विज्ञानाच्या बाईंनी दोन वर्षे स्वतःचे सांभाळून नववीचे गणित ओढले. त्यांच्याही घरी म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली. विश्वास मी ठेवायचा आणि त्याची किंमत बाईंनी मोजायची, हा न्याय नव्हे. म्हणून मी वेळापत्रक उघडपणे सर्वांसमोर मांडले. सरांना सकाळचे दोन तास, मध्ये एक मोकळा. बाईंचे वर्गशिक्षकपद दुसऱ्याकडे. कुरकुर थांबली नाही, पण ती कुजबुजीऐवजी समोर होऊ लागली, आणि समोरच्या कुरकुरीला उत्तर देता येते.

सर आता पुष्कळ सावरले आहेत. दोन पावले पुढे, एक मागे, असेच ते झाले. प्रत्येक पाठाच्या पायऱ्या एका कार्डावर लिहून ते खिशात ठेवतात. मध्येच थांबतात, मुलांना पुढची पायरी विचारतात. आणि गंमत अशी की पूर्वी सरांच्या वेगामागे धापा टाकणारी मागच्या बाकावरची मुले आता उत्तरे देतात. म्हणून आजाराचे उपकार झाले असे म्हणण्याचा निर्दयपणा मी करणार नाही. सर स्वतः म्हणतात, "पूर्वीचा मी परत येणार म्हणून वाट पाहायचं मी सोडलंय, सर. त्यानं दमायला फार होतं."

दहावीचा वर्ग येत्या जूनमध्ये परत मागावा की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. मीही विचारलेले नाही.