डाव शेवटाकडून शिकावा

सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, म्हणजे शेवटचा डाव. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, तरी डाव बरोबरीकडेच झुकला होता. ५५व्या खेळीला डिंग लिरेनने हत्ती एफ२ वर नेला आणि हत्तींच्या मारामारीला वाट मोकळी झाली. डिंगचा उंट तेव्हा ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती जाताच गुकेशने आपला उंट डी५ वर आणून त्याला भिडवला. कोपऱ्यातल्या उंटाला एका खेळीत त्या कर्णाबाहेर पडणे शक्यच नव्हते. उंटही गेले. उरले दोन राजे आणि दोनास एक प्यादे. ५८ खेळ्यांनंतर डिंगने डाव सोडला.

मोहरी कमी झाली की बरोबरी जवळ आली, असा अनेकांचा समज असतो. हत्ती पटावर असले तर एक प्यादे कमी असूनही डाव पुष्कळदा वाचतो. नुसत्या राजा-प्याद्यांच्या डावात तेच प्यादे बहुधा महागात पडते. म्हणून मारामारीला हात घालण्यापूर्वी, ती संपल्यावरचा पट डोळ्यांसमोर आणायचा. खेळ सुधारण्यासाठी याहून उपयोगी नियम क्वचितच सापडेल. मात्र तो उरलेला पट जिंकतो की हरतो, हे आधी माहीत हवे.

कापाब्लांका १९२१ मध्ये जगज्जेता झाला. त्याच वर्षी आलेले त्याचे ‘चेस फंडामेंटल्स’ हे पुस्तक ओपनिंगने, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांनी, सुरू होत नाही. डावाच्या शेवटापासून, म्हणजे राजा आणि हत्ती मिळून एकट्या राजावर मात कशी करतात, इथून ते सुरू होते.

बुद्धिबळपटू रेटीची प्रसिद्ध रचनाही १९२१ चीच. पांढरा राजा एच८ वर, प्यादे सी६ वर; काळा राजा ए६ वर, प्यादे एच५ वर. काळे प्यादे दोन घरे पुढे निसटलेले, त्यामुळे पांढरा हरलाच असे वाटते. पण राजा जी७, एफ६, ई५ असा कर्णाने उतरतो आणि प्रत्येक पावलागणिक काळ्या प्याद्याच्या आणि स्वतःच्या प्याद्याच्याही जवळ येतो. काळ्याला दोन्हीकडे पुरे पडता येत नाही. डाव बरोबरीत सुटतो. पटावर अवघी चार मोहरी, पण राजा किती कामाचा असतो हे त्यातून कायमचे कळते.

मुलांकडून मात्र ओपनिंगच्या पंधरा-पंधरा खेळ्या घोकून घेतल्या जातात. समोरच्याने सहावीच खेळी वेगळी केली, की ते पाठांतर तिथेच संपते. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी निदान पहिले काही महिने मुलांसमोर राजा आणि प्यादीच मांडावीत.