खाण बंद झाली, देणे राहिले



आफ्रिकेतील झांबिया देशात काब्वे नावाचे शहर आहे. तेथील शिसे व जस्ताची खाण विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९४ पर्यंत चालली. मग ती बंद झाली. नफा घेणारे निघून गेले, शिसे मात्र मातीत राहिले. पालापाचोळा कुजतो, मेलेले जनावर मातीला मिळते. शिसे हे मूलद्रव्य, ते कशानेच कुजत नाही. उलट पालापाचोळ्याचे खत करणारे मातीतले सूक्ष्म जीव त्याच्यामुळे कमी होतात, रोपे खुरटतात. उन्हाळ्यात धूळ उडते. अंगणात खेळणारे मूल तेच हात तोंडात घालते आणि शिसे त्याच्या रक्तात, मेंदूत जाते. खाण बंद झाल्यावर जन्मलेली मुलेही यातून सुटलेली नाहीत.

या मुलांचे देणे कोणी फेडायचे? मालक बदलले, सरकारे बदलली, कित्येक जण देवाघरी गेले. ‘आम्ही काही खणले नाही,’ असे आज कोणीही म्हणू शकेल, आणि ते खोटेही नसेल.

जक्कयाची गोष्ट आपण जाणतो. त्याने नुसता पश्चात्ताप केला नाही. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे वचन दिले. पापाची क्षमा मिळाली म्हणून झालेले नुकसान आपोआप भरून निघत नाही, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

पण जक्कयच निघून गेला असेल तर? दोष वारसाने येत नाही, हे खरे. देणे मात्र येते. बापाने काढलेले कर्ज हा मुलाचा गुन्हा नव्हे. तरी त्या पैशाने बांधलेल्या घरात राहून ‘माझा काय संबंध?’ असे त्याला म्हणता येत नाही. खाणींतून निघालेल्या धातूंवर उभ्या राहिलेल्या सुखसोयींच्या घरात आपण सारेच राहतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात श्रीमंत देशांवरील अशाच पर्यावरणीय ऋणाची जाणीव करून दिली आहे.

काब्वेची माती आपण धुऊ शकत नाही. पण आपल्या गाडीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही शिसेच असते. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती कोणाच्याही हाती दिली आणि त्याने ती उघड्यावर फोडली, तर कुणाच्या तरी अंगणात लहानसे काब्वे तयार होते. जुनी बॅटरी दुकानदारालाच परत देऊ या.

आज वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण होईल. दोन्ही मातीतूनच आलेली आहेत. ती माती पुढच्या लेकरांच्या हाती निर्मळ सोपवण्याची सद्बुद्धी प्रभू आपणा सर्वांना देवो.