हक्कसोडपत्र आणि विकत घेतलेले घर



घर विकत घेताना आपण किती सावध असतो! वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो, मिळकत पत्रिका तपासतो, बँकेचा बोजा आहे का ते पाहतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही देतो. या कागदांत पुष्कळदा एक हक्कसोडपत्र आढळते. वडिलांच्या पश्चात मुलींनी आपला हिस्सा भावांच्या नावे विनामोबदला सोडून दिल्याचे ते नोंदणीकृत पत्र असते. 'टायटल क्लिअर आहे,' असे वकील सांगतो आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबरच असते. पण ज्या घरात आपण नमाज पढणार, त्याची एखादी भिंत नाइलाजाने सही केलेल्या बहिणीची तर नाही ना?

मुलीचा वाटा ही भावाची मेहरबानी नव्हे. सूरह निसामध्ये तो अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे : एका मुलाला दोन मुलींइतका. आईवडील दोघेही हयात नसतील आणि मागे दोन भाऊ व दोन बहिणी असतील, तर 60 लाखांच्या घरात प्रत्येक भावाचे 20 लाख आणि प्रत्येक बहिणीचे 10 लाख होतात. हे दहा लाख 'माहेर तुटू नये' म्हणून सोडले जातात. सही तिचीच असते. परंतु ती खुशीची की धास्तीची, हे निबंधक कार्यालयातला अंगठ्याचा ठसा सांगत नाही. हनफी फिक्हनुसार तर 'मी सोडले' एवढे म्हटल्याने वारसाचा हक्क संपतच नाही. तिने काही मोबदला घेऊन बाजूला व्हावे, नाहीतर वाटा ताब्यात घेऊन मग हवा तर भेट द्यावा. (वडील हयात असतानाच मुलींकडून लिहून घेतलेल्या कागदाला तर शरीअतमध्ये काहीच अर्थ नाही, कारण तेव्हा वारसा निर्माणच झालेला नसतो.)

कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या घरातील गोष्टी उकरणे कुरआनने मना केले आहे; भावाबहिणींत काय ठरले ते त्यांचे त्यांनी पाहावे. हा आक्षेप हलका नाही. मात्र ती मनाई लोकांचे दोष शोधण्याची आहे. जी वस्तू आपण स्वतःच्या हाती घेणार, तिच्याविषयी विचारणे म्हणजे हेरगिरी नव्हे. आपल्या पैशाच्या सुरक्षेसाठी तीस वर्षे मागे जाणाऱ्या माणसाने बहिणीला एक प्रश्न विचारायला संकोचावे, हे मला तरी पटत नाही. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे की, वाक्चातुर्यामुळे माझ्याकडून कोणाला त्याच्या भावाचा हक्क मिळाला, तर त्याने तो घेऊ नये, तो आगीचा तुकडा आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले. जिथे खुद्द प्रेषितांच्या निवाड्याने पराया हक्क हलाल होत नाही, तिथे मुद्रांकाच्या कागदाने कसा होईल?

मदीनेत मशिदीसाठी जी जागा निवडली गेली, ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. मुले ती आनंदाने भेट द्यायला तयार होती. प्रेषितांनी (स.) भेट स्वीकारली नाही, किंमत देऊनच जागा घेतली. देणारा दुर्बळ असेल, तर त्याच्या 'हो'वर तेवढ्यावरच विसंबू नये, असा मी याचा अर्थ घेतो.

तेव्हा विसार देण्यापूर्वीच बोलावे. विसार गेल्यावर कोणालाही मागे फिरणे जड जाते. हक्कसोडपत्र अजून झाले नसेल, तर ते करूच नका म्हणावे. खरेदीखतात बहिणींनाही 'लिहून देणार' म्हणून घ्यावे आणि प्रत्येकीच्या वाट्याची रक्कम तिच्याच खात्यावर द्यावी. पत्र आधीच झालेले असेल, तर तिला 'मान्यता देणार' म्हणून बोलवावे आणि तिचा वाटा तिला पोहोचेल, अशी अट भावांना घालावी. पैसे हाती आल्यावर तिने ते भावाला परत दिले, तर ती खरी भेट. तिथे आपले काही म्हणणे नाही. आणि बहिणींचे नाव निघताच भाऊ चिडले, व्यवहार मोडण्याची भाषा करू लागले, तर त्या घराविषयी सर्च रिपोर्टमध्ये नसलेली माहिती आपल्याला मिळाली, असे समजावे.